कापलेली खोळ

१

खोळ हनुवटीखालून घोट्यापर्यंत उभी कापलेली होती. दुधी रंगाचं पातळ रबर, माणसाच्या उंचीचं. पुढच्या चेनला लागूनच ती चीर खाली गेली होती. लांब टेबलावर खोळ तोंड वासून पडली होती आणि शेजारी भाचा हाताची घडी घालून उभा होता. अख्ख्या कारखान्यात त्याचा चेहराच सगळ्यात जास्त फाटलेला दिसत होता.

"कोणीतरी दावा साधलाय, मावशी," तो म्हणाला.

मावशी खोळीवर वाकली. तिनं जन्मभर विमा कंपनीसाठी नुकसान तपासलं होतं. जळलेली दुकानं, भिजलेली गोदामं, मुद्दाम फोडलेल्या काचा आणि आपोआप फुटलेल्या काचा. नवरा गेल्यापासून मात्र ती घरीच होती. रडलीही नव्हती. बहिणी म्हणायच्या, एकदा मोकळी हो गं बाई. मोकळं व्हायला आत काही अडकलेलं असावं लागतं, आणि हिच्या आत रिकाम्या खोलीसारखं नुसतं सामसूम होतं. भाच्याचा फोन आला तेव्हा तिनं पायात चपला सरकवल्या आणि आली, इतकंच.

भाचा काय बनवतो हे घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. बरीच वर्षं त्यानं 'सुरक्षेचे पोशाख' असं सांगून वेळ मारून नेली होती. खरं म्हणजे तो मोठ्या माणसांच्या खासगी हौसेचं सामान बनवायचा: बांधून घ्यायला आवडणाऱ्यांसाठी पट्टे, हात जखडणारे बाहीबंद, आणि ही अंगभर खोळ. माणूस आत शिरतो, हात आतल्या दोन बाह्यांत जातात, पुढून चेन लागते आणि मग बोटही हलवता येत नाही. कोणाला त्यात भीती वाटते, कोणाला गाढ शांतता. मावशीला हे समजलं तेव्हा ती फक्त, शिवण नीट घाल बाबा, एवढंच म्हणाली होती. भाचा तेव्हापासून तिला देवासारखं मानायचा.

पोलिसात जायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाची गुप्तता हाच त्या धंद्याचा पाया. शिवाय भाच्याचं मत पक्कं झालेलं होतं. कारखान्यात एकूण माणसं चार: तो, त्याची बायको, रबर चिकटवणारा आणि चामडं शिवणारी. चामडंवालीला सगळे 'दाभण' म्हणत, थोडं हत्यारावरून आणि बरंचसं जिभेवरून. कारखाना उघडल्या दिवसापासून ती इथे होती. हल्ली मागणी रबराची, म्हणून भाच्यानं तिचं टेबल मागच्या खोलीत हलवायचं ठरवलं. त्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली होती की तुझ्या त्या रबराला एक दिवस मीच कात्री लावीन.

"आणि लावली," भाचा म्हणाला. "आज संध्याकाळी तिला घरी पाठवतोय. कायमची. तुला दुसरं काही दिसलं तर सांग, नाहीतर विषय संपला."

दाभणीला चामड्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि या कारखान्याशिवाय तिला दुसरं घर म्हणावं असं काही नव्हतं. हे भाच्यालाही माहीत होतं. म्हणूनच तो मावशीच्या नजरेला नजर देत नव्हता.

मावशीनं चष्मा चढवला आणि चिरेची कड बोटानं चाचपली. मग कोपऱ्यातला रबराचा एक निकामी तुकडा उचलला, टेबलावर पसरला आणि कात्रीनं कापला. कड नागमोडी आली. तोच तुकडा तिनं गुडघ्यावर ताणून धरला आणि पुन्हा कापला. या वेळी कात्री सरसर गेली आणि कड सरळ आली, खोळीवर होती तशीच.

"सूडबीड ठेव बाजूला," ती म्हणाली. "ही कापली तेव्हा ताणलेली होती. आत माणूस होतं."

२

भाचा चिरेकडे नव्यानं बघू लागला. मावशी त्याला तिथंच सोडून रबरवाल्याच्या खोलीकडे वळली.

रबरवाला दारातच आडवा आला. किल्ल्या बाहेर ठेवा म्हणाला. मावशीच्या घराची किल्ली पितळी होती. पितळ किंवा तांबं पांढऱ्या रबराला लागून राहिलं की तपकिरी डाग उठतो आणि तो कशानंही जात नाही, असं त्यानं तिला बजावलं. हात धुवायला लावले. या माणसाला सगळे 'फुंक्या' म्हणत, कारण जोडावर चिकटवायचं सोल्यूशन लावलं की ते सुकेपर्यंत तो त्यावर फुंकर मारत बसायचा, पंखा डोक्यावर असला तरी.

फुंक्यानं आधी कानावर हात ठेवले. मग हळूहळू पाझरायला लागला. खोळ त्यानंच बेतलेली आणि चिकटवलेली. जोड पक्के व्हायला वेळ द्यायचा, तोवर कोणी हात लावायचा नाही असं त्यानं सांगून ठेवलं होतं. मग सुट्टी आली. सुट्टीनंतर येऊन बघतो तर हे.

मावशीनं सरळच विचारलं की तुझा एखादा जोड सुटत होता म्हणून तूच तर कापून टाकली नाहीस ना. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं. त्यानं तिला टेबलाशी नेलं आणि एकेक जोड ओढून दाखवला. एकही सुटत नव्हता.

"उलट कोणीतरी घाण हातानं हाताळलीय," तो कुरकुरला. "आतल्या उजव्या बाहीत डाग उठलाय बघा. परवा नव्हता. काल जरासा दिसला, आज चांगलाच गडद झालाय."

मावशीनं बाही उलटी केली. बाही कसली, लांब मोजाच तो, हाताच्या टोकाला बंद. तळव्याची जागा स्वच्छ होती. पार खाली, बोटांच्याही पुढे जो कोपरा उरतो तिथं बोराएवढा तपकिरी गोल डाग होता.

टोक बंद का ठेवलं, असं तिनं विचारलं. चामड्याच्या खोळीला तर हात बाहेर काढायला भोक असतं.

फुंक्या म्हणाला की चामड्याला भोक पाडलं तर चालतं, पातळ रबराला भोक म्हणजे फाटायला आमंत्रण. म्हणून त्यानं चामड्याचाच कागदी नमुना घेतला आणि तेवढं टोक बंद केलं. बाकी काहीसुद्धा बदललं नाही. हे सांगताना त्याला स्वतःचं जरा कौतुकच वाटत होतं.

आत पावडर टाकलेली होती, अंग सरकायला. पाठीच्या बाजूला ती घामानं पुसली गेली होती आणि पुसलेल्या भागाला रुंद खांदे होते. फुंक्या काडीसारखा. भाच्याची बायको त्याहून बारीक.

रुंद खांद्यांचं या कारखान्यात एकच माणूस होतं.

३

दाभण आपल्या टेबलाशी पट्ट्याला टाके घालत होती. मावशी या कारखान्यात पूर्वी दोनचारदा आली होती आणि दर वेळी ही बाई दिसायच्या आधी ऐकू यायची. शिवताना गुणगुणायची सवय. सूर लागला तर लागला, नाहीतर नाही. आज खोली गप्प होती.

"आलात? बसा. मीच कापली," दाभण म्हणाली. "लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

मावशी बसली. कशानं कापलीस, असं विचारलं. दाभणीनं समोरची रापी दाखवली, चामडं कापायची अर्धगोल पात्याची सुरी. मावशीनं मान हलवली. रापीनं रबर कापलं असतं तर पाठीचाही थर चिरला असता, खालच्या टेबलावरही ओरखडा उठला असता. एकच थर कापलाय, तोही खालून वर उचलून. हे बोथट टोकाच्या कात्रीचं काम.

दाभणीनं खांदे उडवले. मग कात्रीनं कापली, म्हणाली. हट्टाला पेटलेल्या पोरासारखी ती आपलाच गुन्हा पटवून देत होती. आयुष्यात कबुलीजबाबाला एवढं जपणारा आरोपी मावशीनं पाहिला नव्हता.

बोलता बोलता दाभणीची सुई चालूच होती. मावशीची नजर पट्ट्यावर गेली. करड्या चामड्यावर लाल ठिपके पडत होते. सुई उजव्या अंगठ्यात घुसून दुसऱ्या बाजूनं वर आली होती आणि दाभण टाका ओढत होती.

"अगं, हात," मावशी म्हणाली.

दाभणीनं खाली पाहिलं. दचकली नाही की हूं केलं नाही. सुई बाहेर काढली, अंगठा फडक्यात गुंडाळला आणि फडकं लाल झालेलं बघत राहिली.

"किती दिवस झाले?"

"सुट्टीपासून. मनगटाखाली काही लागत नाही. हलतो, पण माझा नाही वाटत."

"डॉक्टर?"

"काय सांगू त्यांना?" दाभण म्हणाली. मग आवाज उतरला. "मावशी, मला कोणी विचारलं तर मीच कापली म्हणा. मला इथून जायचंय. आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो त्यानं आपल्याला ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर तिथं राहायचं कशाला?"

कोणी ऐकलं नाही हे ती सांगेना. मावशीला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फक्त इतकं कळलं की समोरच्या बाईच्या हातात जे झालंय ते आपल्याला सबंध अंगभर झालंय, आणि ही निदान बोलून तरी दाखवते आहे.

जाता जाता मावशीनं भिंतीकडे पाहिलं. अडीअडचणीची बोथट कात्री प्रत्येक खोलीत लाल खिळ्याला टांगलेली असायची. या खोलीतली जागेवर होती. फुंक्याच्या खोलीतलीही होती. फिटिंगच्या खोलीतला खिळा मात्र रिकामा होता, आणि ती खोली भाच्याच्या बायकोची.

४

तिला कारखान्यात सगळे 'वहिनी' म्हणत, आणि मावशीही कौतुकानं तसंच म्हणायची. गिऱ्हाइकाला माप घेऊन सामान देणं आणि ते कसं वापरायचं हे शिकवणं तिचं काम. तिच्याकडून तासभर ऐकल्याशिवाय कोणालाही खोळ मिळत नसे, मग तो कितीही मोठा माणूस असो. वहिनी ते शिकवायची तेव्हा लाजरी माणसंही लाजायची विसरत.

मावशीनं तिला तेच म्हणायला सांगितलं. मला गिऱ्हाईक समज, म्हणाली.

वहिनी पाठ केल्यासारखी बोलू लागली. खोळीत माणूस असताना खोली सोडायची नाही, दार वाजलं तरी. नाक कायम मोकळं. पोटात दारू नको, दमा किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. रबरात घाम मरतो, अंग तापतं, म्हणून पाणी पाजायचं आणि वेळ थोडा ठेवायचा. दंडाला, कोपराला दाब बसता कामा नये. मुंग्या आल्या की त्याच क्षणी सोडवायचं, अजून थोडं म्हणायचं नाही. मधूनमधून नखं दाबून बघायची. चेन अडली तर तिच्याशी झटत बसायचं नाही, सरळ कापायचं, वस्तू पुन्हा बनते. आणि तोंड झाकलेलं असलं तर हातात घंटी द्यायची. नको झालं की त्यानं ती सोडायची...

इथं ती थांबली.

"कसली घंटी?" मावशीनं विचारलं.

"पितळी. छोटी," वहिनी म्हणाली, आणि तिचा चेहरा खोळीच्या रंगाचा झाला.

मग सगळं बाहेर आलं. खोळ देण्याआधी कोणीतरी घालून बघायची, गिऱ्हाइकाच्या अंगलटीचं माणूस घ्यायचं, ही इथली रीत. बाई गिऱ्हाईक दाभणीच्याच बांध्याची होती. घाई होती. सुट्टीच्या दुपारी दोघींनीच उरकायचं ठरवलं, आणि चाचणीला तिसरं माणूस इमारतीत असायलाच हवं हा भाच्याचा नियम गुंडाळून ठेवला. या निमित्तानं टेबलाचा वाद मिटेल, दाभणीला रबर आवडेल, असंही वहिनीच्या मनात होतं. डोक्याला रबरी टोपडं चढवलं, डोळे, कान, तोंड झाकणारं, फक्त नाक मोकळं. उजव्या हातात घंटी दिली.

वहिनी कुठं गेली नव्हती. सगळा वेळ शेजारच्या खुर्चीत होती. छाती वरखाली होते का, ओठ झाकलेले म्हणून पायांचा रंग बघ, सगळं डोळ्यांत तेल घालून. नखं तेवढी बघता येत नव्हती, हात आत होते. म्हणून कान घंटीकडे लावून बसली.

"घंटी वाजलीच नाही हो. आणि ती गुणगुणत होती. कामाला बसली की करते ना, तसंच. पायानं ताल धरल्यासारखं चाललं होतं. मला वाटलं, रमलीय." वहिनीनं तोंडावर हात धरला. "मग श्वास धापा टाकल्यासारखा झाला. चेन उघडायला गेले तर आतली पट्टी अडकली. मी कापली. टोपडं काढलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं... एक शब्द बोलली नाही. कपडे केले आणि गेली."

मग नवऱ्याला सांगितलं का नाहीस, त्या बाईवर आळ येताना गप्प का बसलीस, असं मावशीनं विचारलं. आवाज चढवला नाही. वहिनी म्हणाली की मी शेकडो लोकांना शिकवते, कोणाला कधी ओरखडा येऊ दिला नाही, आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर तिचा हात बधिर झाला, टाके घालताना बघतेय मी. हे कसं सांगू? शिवाय रागही येत होता तिचा. एक बोट सोडायचं होतं फक्त. हट्टी आहे, मला हरवायला घंटी धरून बसली, असं वाटायचं.

मावशी उठली. "घंटी कुठाय?"

वहिनीनं खण उघडला. कापलेल्या खोळीतून तिनंच ती काढून ठेवली होती.

"कुठं सापडली, हातात की आणखी कुठं?"

"आठवत नाही. बाही उलटी करून झटकली आणि पडली."

"चला," मावशी म्हणाली. "सगळ्यांना बोलव. दाभणीला आधी."

५

पाचही माणसं लांब टेबलाभोवती जमली. दाभण दाराजवळ, हातातली पिशवी न ठेवता. संध्याकाळ होत आली होती आणि भाच्यानं तिचा हिशोब मिटवायचा तर आता मिटवायला हवा होता.

मावशीनं लांबण लावली नाही. आधी कापण्याचं सांगितलं: हे नुकसान नव्हे, सुटका आहे. वहिनीनं कापलं, दाभणीला बाहेर काढायला. भाचा बायकोकडे बघायला लागला, पण मावशीनं त्याला बोलू दिलं नाही.

मग तिनं ती बाही सगळ्यांसमोर उलटली.

"फुंक्या, घंटी हाताच्या घामात घट्ट धरून ठेवली असती तर डाग कुठं पडला असता?"

"तळव्याला."

"तळवा कोरा आहे. डाग कोपऱ्यात. म्हणजे घंटी हातातून सुटली आणि तिथं जाऊन पडली, आणि बराच वेळ पडून राहिली." ती वहिनीकडे वळली. "तिनं हट्ट केला नाही. तिनं सोडली होती."

वहिनीनं टेबलाची कड धरली. दाभण मात्र पुटपुटली की मी तेच म्हणते, सोडली, लगेच सोडली. हिनं ऐकली आणि बसून राहिली.

मावशीनं बाही पुन्हा सरळ केली, घंटी आत टाकली आणि बाही दाभणीच्या डाव्या हातात दिली. हलव, म्हणाली. दाभणीनं हलवली. मग जोरात हलवली. पातळ रबर घंटीला चारी बाजूंनी चिकटलं होतं. मांजराच्या पावलाचा होतो एवढासुद्धा आवाज झाला नाही.

फुंक्याच्या लक्षात सगळ्यात आधी आलं. चामड्याच्या खोळीत हात भोकातून बाहेर यायचा, घंटी फरशीवर पडायची, खणकन वाजायची. त्यानं भोक बुजवलं आणि घंटीचा नियम तसाच चालू राहिला. कोणालाच सुचलं नाही, कारण नियम सगळ्यांना पाठ होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मघाचं सगळं कौतुक त्याच्या तोंडावरून उतरलं.

"तुझे कान झाकलेले," मावशी दाभणीला म्हणाली. "वाजली नाही हे तुला कळायला मार्ग नव्हता. तू हाक मारलीस, पण तोंड झाकलेलं, त्यामुळे ती बाहेर गुणगुणल्यासारखी आली. हिला तुझी सवय माहीत. दुसरं कोणी असतं तर घाबरून उठलं असतं. ही तुला ओळखते म्हणून बसून राहिली."

ही खोळ तशीच गेली असती तर एका घरात एक नवरा असाच, कान देऊन, प्रेमानं, न वाजणाऱ्या घंटीची वाट बघत बसला असता. भाच्याला ते दिसलं असावं. तो उठला, फुंक्याचा कागदी नमुना घेतला आणि त्याचे तुकडे केले. मग दाभणीसमोर गेला. तुला घालवणार होतो, चुकलो, असं त्यानं सरळ म्हटलं. टेबल जिथं होतं तिथंच राहील, आणि गाडी काढतो, आधी डॉक्टर.

दाभणीनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

६

भाचा गाडी काढायला गेला. फुंक्या त्याच्या मागून बाहेर पडला, त्याला कुठंतरी जायचंच होतं. मावशी खिडकीशी उभी राहिली. आपण प्रश्न सोडवला याचं तिला काही वाटत नव्हतं. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत ती त्याच्या उशाशी बसून असायची, आणि तोही काहीतरी पुटपुटायचा. तिला वाटायचं, झोपेत बोलतोय. आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं की कदाचित तो हाक मारत असेल. छातीत काहीतरी दुखलं, आणि तिनं ते दुखू दिलं.

मागं दाभण खुर्चीत बसली होती. पिशवी अखेर खाली ठेवली होती. उजवा हात मांडीवर पडलेला आणि डाव्या तळव्यानं तिनं डोळे झाकून घेतले होते. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. वहिनी चप्पल न वाजवता जवळ गेली आणि तिच्या पायाशी फरशीवर बसली.

"वहिनी," दाभण डोळे न उघडता म्हणाली. "मला वाटलं, तू मुद्दाम केलंस."

"माहितेय."

"मी तिथं पडल्यापडल्या तुला काय काय शिव्या घातल्यात."

"घाल अजून."

"नको आता." दाभणीचा आवाज पार बसला होता. "अशी लांब नको राहूस गं. हात तरी धर माझा."

वहिनीनं मांडीवरचा तो हात केव्हाचाच दोन्ही हातांत धरून ठेवला होता.